न विकलेली घड्याळे

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांचा हिशेब. अशा प्रसंगी शाळेने किती विद्यार्थी घडवले, किती वर्गखोल्या वाढल्या, निकालाचे प्रमाण काय राहिले, हे सांगण्याची रीत आहे. आणि ते काम अहवालात यथास्थित झालेले आहे. आजचा विषय त्याहून पुष्कळ लहान, मनगटावर मावेल एवढा आहे. ही शाळा ज्या काळात आकाराला आली, जवळजवळ त्याच काळात भारतात तयार झालेले मनगटी घड्याळ सामान्य माणसाच्या हातावर आले. त्या घड्याळांपैकी काही आज संग्राहकांजवळ आहेत आणि ते ती विकायला तयार नाहीत. ती का विकली जात नाहीत, आणि न विकल्याने नेमके काय राखले जाते, एवढाच आजचा प्रश्न.

घड्याळांचा संग्रह म्हटला की प्रथम आठवतात ती स्वित्झर्लंडची मौल्यवान घड्याळे. २०१७ साली न्यूयॉर्क येथे झालेल्या लिलावात अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांचे 'रोलेक्स डेटोना' १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. न्यूमन यांनी ते पूर्वी आपल्या मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले होते, आणि त्या तरुणाने ते अनेक वर्षे साध्या घड्याळासारखे वापरले होते. अशा घड्याळांचे धनी ती विकत नाहीत, तेव्हा त्यात बहुधा प्रतीक्षा असते. भाव आणखी चढेल, ही आशा तिजोरीत ठेवलेली असते. त्यात वावगे काही नाही. तोही व्यापारच, फक्त सावकाश चाललेला.

एचएमटीच्या 'जनता' घड्याळाची गोष्ट निराळी आहे. ते विकून कोणी श्रीमंत होत नाही. चांगल्या स्थितीतले जुने 'जनता' आजही काही हजार रुपयांत मिळते. तरीही पन्नास-पन्नास, शंभर-शंभर एचएमटी घड्याळे जमवणारी माणसे या देशात गावोगावी आहेत. त्यांत बँकेतील निवृत्त कर्मचारी आहेत, अभियंते आहेत आणि ज्यांच्या जन्माआधीच ती घड्याळे जुनी झाली होती असे तरुणही आहेत. गिऱ्हाईक दारी आले तरी ही मंडळी हसून नकार देतात. पैशाने ज्याचा उलगडा होत नाही असा नकार कुतूहलाचा विषय होतो.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. स्वातंत्र्यापूर्वी भारतात घड्याळे येत ती बाहेरून. 'फाव्र-ल्यूबा' आणि 'वेस्ट एंड वॉच कंपनी' या नावांचा मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासूनचा संबंध. रेल्वे, टपाल आणि सैन्य यांच्या वाढीबरोबर त्यांचा खप वाढला. घड्याळ ही साहेबाची, सावकाराची, फार तर स्टेशनमास्तरची वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि चोरवाटेने येणाऱ्या परदेशी घड्याळांचा धंदा फोफावला. १९५३ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने यंत्रे घडवणारी यंत्रे तयार करण्याचे काम आधीच हाती घेतले होते. याच कंपनीने जपानच्या 'सिटिझन' कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली घड्याळांचा कारखाना सुरू केला. पहिल्या घड्याळांचे प्रकाशन पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते झाले. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि कुमाऊँच्या पायथ्याशी राणीबाग येथेही कारखाने निघाले.

धरणे आणि पोलाद कारखाने यांच्या त्या काळात मनगटी घड्याळासारखी नाजूक वस्तू देशात करून दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती. धरण दिसते, त्याचे छायाचित्र पाठ्यपुस्तकात येते. केसाहून बारीक स्प्रिंग, मोहरीएवढे स्क्रू आणि डोळ्याला भिंग लावूनच दिसणारे चाकांचे दाते यांचे छायाचित्र कोण छापणार? पण औद्योगिक शिस्त खरी कसाला लागते ती अशा ठिकाणी.

या घड्याळांची नावे पाहावीत. 'जनता', 'जवान', 'पायलट', 'कोहिनूर' ही एका जातीची. तर 'तरुण', 'रजत', 'काजल', 'कांचन', 'सोना' ही नावे शाळेच्या हजेरीपटावर शोभावीत अशी. 'जनता' म्हणजे पांढरट तबकडीचे, रोज चावी द्यावे लागणारे, कसलाही तोरा नसलेले घड्याळ. 'पायलट'ची तबकडी काळी आणि तिच्यावर ठळक आकडे. 'सोना' अंगाने पातळ. 'कांचन' आपोआप चावी घेणारे आणि सोनेरी मुलाम्याचे, म्हणून लग्नसराईत त्याला विशेष मान. अंध व्यक्तींसाठी ब्रेल लिपीतील घड्याळही एचएमटीने काढले. काचेचे झाकण उघडून बोटांनी काटे चाचपायचे आणि वेळ ओळखायची. असे घड्याळ ज्याच्या संग्रहात आहे, तो ते सर्वांत आधी दाखवतो, असा अनुभव आहे.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळेच्या दृष्टीने आणखी एक जात महत्त्वाची: देवनागरी तबकडीची घड्याळे. त्यांच्यावर कंपनीचे आणि नमुन्याचे नाव देवनागरीत असे, आकडे देवनागरी असत, आणि वार दाखवणाऱ्या काही घड्याळांत वारांची नावे हिंदीत येत. त्यामुळे मराठी घरातील मूल त्या खिडकीत 'मंगळ'ऐवजी 'मंगल' वाचून कोड्यात पडे; घड्याळाने केलेली ती शुद्धलेखनाची चूक वाटे. पण यंत्रावर आपली लिपी दिसणे ही त्या मुलासाठी नवलाची गोष्ट होती. सायकल, रेडिओ, शिवणयंत्र, सगळ्यांवर रोमन अक्षरे. आणि वडिलांच्या मनगटावर मात्र १ पासून १२ पर्यंत ओळखीची वळणे. शाळेत अंकलिपी गिरवणाऱ्याला घरीही ती चालती-बोलती भेटे. अशी घड्याळे इतरांच्या मानाने कमी आढळतात, म्हणून संग्राहक त्यांना जिवापाड जपतात.

या आठवणींना एक कडवट बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मागणी मोठी आणि पुरवठा अपुरा अशा त्या दिवसांत घड्याळ ही प्रतिष्ठेची खूण ठरली आणि ती खूण मुलीच्या बापाकडून वसूल होऊ लागली. 'घड्याळ, सायकल आणि रेडिओ' ही त्रयी हुंड्याच्या यादीत कशी शिरली, हे वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही. आज एखाद्या संग्रहात मखमली पेटीत चमकणाऱ्या लग्नातल्या 'कांचन'मागे कोणाचे तरी कर्ज असू शकते. तेही घड्याळ जपावे, पण त्याची ती गोष्टही जपावी.

दुसऱ्या टोकाला निवृत्तीचे घड्याळ. शिक्षक, कारकून, रेल्वेचे कर्मचारी यांना निरोपसमारंभात घड्याळ देण्याची प्रथा होती. मागच्या झाकणावर नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट' ही अक्षरे कोरलेली. ज्या दिवसापासून घंटेवर धावण्याची गरज उरत नाही, नेमक्या त्याच दिवशी माणसाला घड्याळ द्यायचे, यातला विनोद देणाऱ्यांच्या लक्षात येत नसे. घेणारा मात्र ते जन्मभर बांधत असे. नाव कोरलेल्या घड्याळाला बाजारात किंमत कमी येते, कारण दुसऱ्याचे नाव कोणाला हवे असते? संग्राहकांत मात्र असे घड्याळ हाती आले की ते विकायचे नाही, असा नेम पाळणारे पुष्कळ आहेत.

एचएमटीचा उतार कसा आला, ते थोडक्यात सांगता येईल. जगात क्वार्ट्‌झ घड्याळांची लाट आली. बॅटरीवर चालणारे, चावी न मागणारे आणि वेळेला अधिक पक्के घड्याळ. एचएमटीनेही क्वार्ट्‌झ घड्याळे काढली, पण तिचा जीव यांत्रिक घड्याळांत गुंतलेला राहिला. टाटा समूह आणि तामिळनाडू शासनाचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९८४ साली स्थापन झालेल्या 'टायटन'ने क्वार्ट्‌झवर भर दिला, दुकाने सजवली आणि घड्याळाला दागिन्याचे रूप दिले. सरकारी कंपनीला ती चाल जमली नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. तुमकूरच्या कारखान्याची जागा पुढे इस्रोकडे गेली. बंगळूरमध्ये जालहळ्ळी येथे आता एचएमटीचे वारसा संग्रहालय आहे. बंद होण्याची वार्ता आधीच पसरली तेव्हा, म्हणजे २०१४ च्या सुमारास, उरलेला माल घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. वर्षानुवर्षे ज्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, तेही धावले. मनुष्यस्वभावाला दोष देण्यात अर्थ नाही.

खरी गोम यापुढे आहे. मागणी वाढली की पुरवठा होतोच. कारखाना बंद असला तरी होतो. जुनी, मोडकी घड्याळे भंगारातून गोळा केली जातात. एकाचे यंत्र, दुसऱ्याची पेटी, तिसऱ्याचे काटे असा जोड घातला जातो. डागाळलेली मूळ तबकडी धुऊन कोरी केली जाते आणि तिच्यावर लाल, निळा, हिरवा, नारिंगी असा भडक रंग चढवून नवी अक्षरे छापली जातात. पेटीला इतकी चकाकी दिली जाते की तिच्या कडा झिजून गोल होतात. जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' हे नाव पडले आहे. मुंबईचा असा लौकिक व्हावा, हे मराठी माणसाला सुखावणारे नाही. मात्र येथे न्यायाने बोलले पाहिजे. हे काम करणारे कारागीर हातचे हुन्नरी आहेत. टाकून दिलेले यंत्र ते पुन्हा चालते करतात आणि थोड्या पैशांत कोणाला तरी घड्याळ मिळते. दोष रंगवण्यात नाही. रंगवलेले घड्याळ 'जसेच्या तसे जुने' म्हणून विकण्यात आहे.

एखाद्या घरातले वडिलांचे 'जनता' विकले गेले की ते बहुधा याच वाटेने जाते. घेणाऱ्या व्यापाऱ्याला ते घड्याळ नको असते. त्याला हवे असते यंत्र, पेटी, सुटे भाग. पिवळसर झालेली तबकडी, घामाने काळवंडलेली कड, कोरलेले नाव, म्हणजे ज्यांच्यामुळे ते अमुक एका माणसाचे घड्याळ होते, ती सारी लक्षणे त्याच्या लेखी अडचण असतात आणि ती पहिल्या धुण्यातच जातात. संग्राहकाच्या नकाराचे मर्म येथे सापडते. त्याच्याकडचे घड्याळ पुन्हा बाजारात गेले तर ते घड्याळ म्हणून टिकेलही, पण साक्षीदार म्हणून संपेल. मूळ तबकडी, मूळ काटे आणि मूळ पेटी एकत्र असलेले प्रत्येक घड्याळ हा त्या कारखान्याचा एकेक दस्तऐवज आहे. तो फाडण्यासाठी विकायचा नाही, इतकी साधी ही भूमिका आहे.

तथापि नुसते न विकणे म्हणजे जपणे नव्हे. मखमलीत गुंडाळून कपाटात ठेवलेले घड्याळ सुरक्षित आहे, असा अनेकांचा समज असतो. यंत्राची रीत वेगळी आहे. चावी दिली की आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चाके फिरतात, आणि त्यांना एकदम सुटू न देता ठरावीक तालावर सोडण्याचे काम तोलचक्र करते. 'जनता'मधील हे चक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. वर्षभर अखंड चालले तर हा आकडा पंधरा कोटींच्या वर जातो. एवढ्या घर्षणात चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ते कृत्रिम माणकांत बसवलेले असतात. तबकडीवर '१७ ज्युएल्स' अशा अर्थाची जी नोंद असते, ती याच माणकांची. घड्याळजी दुरुस्तीच्या निमित्ताने घड्याळातले हिरे काढून घेतो, अशी एक समजूत पूर्वी घरोघरी होती आणि तिच्यापायी बिचाऱ्या घड्याळजींची विनाकारण बदनामी झाली. ती माणके कारखान्यात बनवलेली. त्यांची किंमत नगण्य. ती काढली तर घड्याळच चालणार नाही.

या माणकांशी तेलाचा सूक्ष्म थेंब असतो. तेल काही वर्षांत घट्ट होते, सुकते. घड्याळ वापरा अथवा कपाटात ठेवा. सुकलेल्या तेलावर यंत्र चालवले तर झीज होते, आणि दमट हवेत बंद ठेवले तर गंज चढतो. म्हणून जाणता संग्राहक काही वर्षांनी घड्याळ उघडून स्वच्छ करून घेतो, तेल देववतो, अधूनमधून चावी देऊन एखादा दिवस बांधतो. एकदा पूर्ण चावी दिली की ते साधारण दीड दिवस चालते. चावी भरत आल्याची जाणीव बोटांना होते, तेथे थांबायचे. ते बोटांचे ज्ञान आहे, ते सांगून येत नाही. नातवंडांच्या हाती एकदा ते घड्याळ देऊन पाहावे. कोठे थांबायचे हे त्यांना दोन-तीन दिवसांत कळते.

मग प्रश्न येतो घड्याळजींचा. चौकातल्या लहानशा काचेच्या टपरीत, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून चिमट्याने चाके उचलणारा घड्याळजी आता विरळा झाला. ज्या दुकानांच्या पाट्या उरल्या आहेत, तेथे बहुतेक ठिकाणी बॅटऱ्या आणि पट्टे बदलले जातात. यांत्रिक घड्याळ सोडवून पुन्हा जुळवणारे हात वयाने थकले आहेत आणि त्यांच्या मुलांनी हा व्यवसाय घेतलेला नाही. कोणी का घ्यावा? दिवसभर मान मोडून काम केल्यावर मिळणारी मजुरी नव्या घड्याळाच्या किमतीशी स्पर्धा करू शकत नाही. सुट्या भागांची अवस्था त्याहून बिकट. कारखाना बंद झाल्यावर नवे भाग येणार कोठून? म्हणून संग्राहक मेलेली घड्याळेही घेऊन ठेवतात. एकाचे तोलचक्र दुसऱ्याला जीव देते. यंत्रांच्या जगातले ते अवयवदानच. येथे न विकण्याच्या व्रतालाही थोडी सैल बाजू असावी लागते: आपल्याकडचा जादा भाग दुसऱ्या संग्राहकाला द्यावा लागतो, तेव्हाच आपले घड्याळ अडले असता त्याच्याकडून मिळतो. ज्यांनी एकाच गोष्टीचे शंभर नग केवळ दाबून ठेवले आहेत, त्यांना संग्राहक म्हणावे की साठेबाज, हा वाद त्या मंडळींतही आहे. 'साठेबाज' हाच शब्द अधिक योग्य वाटतो.

आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर बाजारात कोणताही सुटा भाग मिळत नाही. न विकण्याचा निश्चय एका आयुष्यापुरताच असतो. संग्राहक गेला की पेटी मुलांपुढे येते. कोणते 'जनता' आजोबांचे, कोणते रविवारच्या जुन्या बाजारात घेतलेले, कोणत्या 'पायलट'ची तबकडी मूळ आणि कोणत्याची रंगवलेली, हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. तेव्हा सगळी पेटी एकगठ्ठा जाते. घरात सुतळीत बांधलेली जुनी पत्रे जशी नेमके कोणाची ते न कळल्यामुळे रद्दीत जातात, तसेच हे. यावर उपाय खर्चाचा नाही. घड्याळासोबत पोस्टकार्डाएवढा एक कागद: कोणाचे, कोणत्या निमित्ताने मिळाले, कोठे दुरुस्त झाले, कोणता भाग बदलला. मराठीत लिहावा आणि तारीख घालावी, कारण परप्रांतात वाढणाऱ्या तिसऱ्या पिढीला आजोबांचे अक्षर वाचता येणे हेही या शाळेच्या कामाचाच भाग आहे. या शाळेतील माजी शिक्षकांना निरोपाच्या वेळी दिलेली घड्याळे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्यांची एवढी नोंद करून तिची प्रत शाळेच्या ग्रंथालयात दिली तर ती येथे नीट ठेवली जाईल. घड्याळे मात्र घरीच असू द्यावीत. शाळेला ती नकोत. ती रोज हाताला लागतील अशा जागी असणे बरे.

अशी एक नोंद बऱ्याच घड्याळांत आधीपासून असते, पण ती मालकाला ठाऊक नसते. घड्याळ दुरुस्त केले की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने बारीक खूण करण्याची जुन्या घड्याळजींची पद्धत आहे: एखादे आद्याक्षर, एखादा आकडा, महिना आणि वर्ष. पुढचा घड्याळजी झाकण उघडतो, भिंगातून ती खूण वाचतो आणि तिच्या खाली आपली कोरतो. जुन्या 'जनता'च्या आत अशा तीन-चार ओळी सापडतात, वेगवेगळ्या हातांच्या, बहुधा वेगवेगळ्या गावांच्याही. झाकण परत बसवले की त्या अंधारात जातात, आणि वरच्या बाजूला तो ठोका पुन्हा सुरू होतो.